फरांगच्या तक्रारी, फिरंग्यांच्या तक्रारी

(या भागाचं लिखित रूप. बोलताना झालेली अडखळणी काढून टाकली आहेत, बाकी तसंच ठेवलंय.)

आजचा विषय जरा तिरका आहे. थायलंडमध्ये राहणाऱ्या गोऱ्या लोकांच्या तक्रारींपासून सुरू करणार आहे आणि सोलापुरात येऊन थांबणार आहे. मधला रस्ता दोनशे वर्षांचा आहे, तेव्हा चहा घेऊन बसा.

थाई लोक गोऱ्या परदेशी माणसाला ‘फरांग’ म्हणतात. ओळखीचा वाटतोय ना शब्द? वाटणारच. फ्रँक लोकांवरून अरबी-फारसीत ‘फरंग’ आला, आणि तिथून आपल्याकडे ‘फिरंगी’. आपण तो आधी पोर्तुगीजांना लावला. त्यांच्याकडून आलेल्या पात्याच्या तलवारीला ‘फिरंग’ म्हटलं. त्यांच्यासोबत आलेल्या गुप्तरोगाला वैद्यांनी ‘फिरंग रोग’ म्हटलं. थाई लोक तर पेरूलाही फरांगच म्हणतात, कारण तोही बाहेरून आलेला. म्हणजे एकाच शब्दानं आपण तलवार आणि रोग ओळखला, त्यांनी फळ. असो.

तर या फरांग मंडळींच्या तक्रारी काय असतात? दर नव्वद दिवसांनी सरकारला पत्ता कळवावा लागतो. व्हिसा संपत आला की सीमा ओलांडून परत यावं लागतं. जमीन स्वतःच्या नावावर घेता येत नाही. उद्यानात, अभयारण्यात स्थानिकांना एक तिकीट आणि परदेशी माणसाला त्याच्या कितीतरी पट. भाषेत स्वर बदलला की अर्थ बदलतो, त्यामुळे पाच वर्षं राहूनही भाजीवाली हसते. उकाडा, डास, ‘उद्या या’ म्हणणारी कार्यालयं. आणि कामवाली, ड्रायव्हर, प्लंबर यांच्यावरची न संपणारी गाऱ्हाणी.

हे सगळं वाचताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली. ही यादी मी आधी कुठंतरी वाचलीय. आणि ती बँकॉकची नव्हती, आपल्या मुंबई इलाख्याची होती.

पहिली तक्रार : व्हिसा

आपल्याला वाटतं, इंग्रजांचं राज्य होतं म्हणजे गोऱ्या माणसाला इथं मोकळं रान. तसं नव्हतं. १८३३ पर्यंत कंपनीच्या मुलखात राहायचं तर युरोपियन माणसालाही परवाना लागायचा. कंपनीला आपल्या व्यापारात आणि कारभारात लुडबूड करणारा आगंतुक नको होता.

१८१२ मध्ये अमेरिकेतून काही तरुण मिशनरी कलकत्त्याला उतरले. कंपनीनं सांगितलं, चालते व्हा. त्यातच इंग्लंड आणि अमेरिकेचं युद्ध जुंपलेलं. त्यांच्यातले गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईला पोचले. इथंही हुकूम तोच, पुढच्या जहाजानं इंग्लंडला रवाना व्हा. मग त्यांनी काय केलं? गव्हर्नर सर इव्हान नेपियनना अर्जावर अर्ज केले. मध्येच एका गलबतात बसून सिलोनला निसटायला निघाले, कोचीनपर्यंत गेले, पकडून परत आणले गेले. आजच्या भाषेत सांगायचं तर व्हिसा रन फसला. शेवटी त्याच वर्षी कंपनीची सनद बदलली, मिशनऱ्यांना वाट मिळाली आणि ते राहिले. अमेरिकन मराठी मिशनची सुरुवात ही अशी आहे.

त्यांच्याच तुकडीतले अडोनिराम जडसन ब्रह्मदेशात गेले. त्यांच्या पत्नी ॲन जडसन यांनी रंगूनमध्ये राहून सयामी, म्हणजे आजची थाई भाषा शिकून तीत भाषांतरं केली. म्हणजे बघा, एका फेटाळलेल्या परवान्याचा एक धागा मुंबईत आला आणि दुसरा थेट सयामी भाषेपर्यंत गेला.

हॉल यांचा शेवट मात्र चटका लावणारा आहे. १८२६ मध्ये नाशिककडून परतताना वाटेतच त्यांना पटकी झाली आणि ते गेले. मुंबईत त्याच्याही कितीतरी आधीपासून गोऱ्यांमध्ये एक म्हण चालायची, की इथं माणसाचं आयुष्य दोन पावसाळ्यांचं. तेव्हा ‘हवामान मानवत नाही’ ही तक्रार चैनीची नव्हती, हे लक्षात ठेवायला हवं. साहेबाची चेष्टा करणं सोपं आहे, पण त्याची भीतीही खरी होती.

दुसरी तक्रार : उकाडा

सोलापूरकरांना उकाड्यावर कुणी शिकवू नये. मे महिन्यात दुपारी बारा ते चार आपल्याकडे रस्त्यावर फक्त ऊन असतं. आता कल्पना करा, वीज नाही, पंखा नाही, अंगात लोकरीचा कोट, आणि पुण्याहून अडीचशे किलोमीटर बैलगाडीनं किंवा घोड्यावर. रेल्वे सोलापूरला आली १८६० मध्ये. त्याआधी इथं बदली झालेल्या साहेबानं काय म्हटलं असेल, याचा अंदाज करायला फार कल्पनाशक्ती लागत नाही.

उपाय त्यांनी तीन शोधले. पहिला उपाय, पळ काढणं. गव्हर्नर माल्कम यांनी १८२८ मध्ये महाबळेश्वरला वस्ती वसवायला घेतली आणि १८२९ मध्ये साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून ती जागा घेऊन बदल्यात खंडाळा गाव दिलं. पुढं उन्हाळ्यात अख्खं सरकार डोंगरावर जायला लागलं. १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट माथेरानवर चढले, मग तेही झालं.

दुसरा उपाय बर्फ. हे ऐकून मी खरंच थक्क झालो होतो. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरनं तिथल्या तळ्यांवरचा बर्फ कापून, भुशात बांधून, जहाजानं अर्ध्या पृथ्वीला वळसा घालून पाठवला. १८३३ मध्ये कलकत्त्याला आणि लगेच १८३४ मध्ये मुंबईला. वाटेत बराचसा वितळायचा, उरलेला विकूनही फायदा व्हायचा. मुंबईत त्यासाठी खास बर्फघर बांधलं गेलं. जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आईस्क्रीम ठेवलं आणि यजमानासकट पाहुण्यांना सर्दी झाली, असा किस्सा तेव्हापासून सांगितला जातो.

तिसरा उपाय होता पंखेवाला. छताला टांगलेली कापडाची मोठी झालर, तिला दोरी, दोरी भिंतीतल्या भोकातून बाहेर व्हरांड्यात, आणि तिथं बसलेला एक माणूस. दिवसभर, रात्रभर. साहेबांच्या पत्रांत आणि पुस्तकांत हा माणूस एकाच कारणासाठी येतो, तो म्हणजे झोपला म्हणून. पंखा थांबला, साहेबाची झोपमोड झाली, साहेब चिडला. माणूस रात्री तीन वाजता का झोपतो, हा प्रश्न त्यात नसतो.

इथं माझा कामाचा अनुभव सांगतो. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांकडे रोज तक्रारी येतात. ‘सिस्टिम स्लो आहे’ असं कुणी लिहिलं, की आधी बघायचं, तक्रार करणारा कुठं बसलाय, त्याला काय दिसतंय आणि काय दिसत नाही. तक्रारीतून सिस्टिमबद्दल थोडं कळतं, तक्रार करणाऱ्याच्या अपेक्षांबद्दल खूप कळतं. जुन्या साहेबांची गाऱ्हाणी मी तशीच वाचतो. ती पंखेवाल्याबद्दल फार सांगत नाहीत, पण साहेब काय गृहीत धरून बसला होता, ते चोख सांगतात.

तिसरी तक्रार : नोकर

या विषयावर तर अख्खी पुस्तकं आहेत. १८८८ मध्ये फ्लोरा ॲनी स्टील आणि ग्रेस गार्डिनर यांनी मेमसाहेबांसाठी घर चालवण्याची मार्गदर्शिका काढली. तिचं एकूण धोरण असं की हिंदुस्थानी नोकर म्हणजे मूल, त्याला मुलासारखंच वळण लावावं. त्यात शिक्षा म्हणून एरंडेल पाजण्याचाही सल्ला आहे. मोठ्या बाप्याला, पगारावर काम करणाऱ्याला, एरंडेल!

दुसऱ्या वर्षी, १८८९ मध्ये, ‘बिहाइंड द बंगलो’ आलं. लेखक एडवर्ड हॅमिल्टन एटकिन, सगळे त्यांना ‘ईएचए’ म्हणत. हे पुस्तक खूप मजेशीर आहे. बॉय, बटलर, घोडेवाला, धोबी, आया, माळी, हमाल, भिस्ती, शिंपी, एकेकाचं चित्र काढलंय. धोबी शर्टाचा कसा निकाल लावतो, वगैरे. मायेनं लिहिलंय, पण वरून खाली बघत लिहिलंय.

आता गंमत ऐका. हे ईएचए जन्मले कुठं? साताऱ्यात, १८५१ साली. शिक्षण मुंबई-पुण्यात. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात लॅटिन शिकवलं, मग मीठ आणि जकात खात्यात नोकरी. १८८३ मध्ये मुंबईत नॅचरल हिस्टरी सोसायटी सुरू करणाऱ्यांत ते होते. इथले पक्षी, किडे, बेडूक त्यांना जितके ठाऊक होते तितके आपल्याला आज ठाऊक नाहीत. साताऱ्यात जन्मलेला माणूस परदेशी कसा? आणि तरी बंगल्याच्या मागं राहणाऱ्या माणसांकडे बघताना तो परदेशीच आहे. मला वाटतं, परकेपण जन्मगावावर ठरत नाही. घंटी वाजवल्यावर कोण उठतं आणि कोण बसून राहतं, यावर ठरतं.

‘बंगल्याच्या मागं’ असं पुस्तक निघालं. ‘बंगल्याच्या पुढं’ असं एखाद्या हमालानं किंवा आयेनं लिहिलेलं पुस्तक असतं तर? मी अजून तसं एकही वाचलेलं नाही.

तक्रार कधी खुनापर्यंत जाते

इथपर्यंत हसत आलो, आता जरा थांबूया. आग्र्यात १८७५ साली फुलर नावाचा एक इंग्रज वकील रविवारी चर्चला निघाला होता. गाडीपाशी मोतद्दार वेळेवर हजर नव्हता. तो आल्यावर फुलरनं त्याला मारलं. कटवारू त्याचं नाव. तो थोडं पुढं जाऊन कोसळला आणि मेला. डॉक्टर म्हणाले, पानथरी फुटली. मलेरियानं तेव्हा अनेकांची पानथरी सुजलेली असे, त्यामुळे ‘थोडंसंच मारलं, पानथरीच कमजोर होती’ हा बचाव अशा खटल्यांत पुन्हापुन्हा यायचा. फुलरला शिक्षा काय? तीस रुपये दंड. व्हाइसरॉय लिटन यांनी १८७६ मध्ये या निकालावर उघड नाराजी लिहिली, तेव्हा इथला गोरा समाज चिडला. कुणावर? लिटनवर.

१८८३ मध्ये इल्बर्ट बिल आलं. जिल्ह्यातल्या हिंदी न्यायाधीशांना युरोपियन आरोपीचा खटला चालवता यावा, एवढंच मूळ म्हणणं. गोऱ्यांनी इतका गदारोळ केला की १८८४ मध्ये तडजोड झाली. आरोपी युरोपियन असेल तर निम्मे तरी पंच युरोपियन किंवा अमेरिकन मागता येतील.

थायलंडशी याचा संबंध आहे. सयाम कधी कुणाची वसाहत झाला नाही, हे आपण ऐकलेलं असतं. पण १८५५ मध्ये जॉन बाउरिंग यांनी केलेल्या तहानंतर सयाममधल्या ब्रिटिश प्रजाजनाला सयामी कोर्ट लागू नव्हतं. त्याचा न्याय ब्रिटिश कॉन्सल करणार. ती सवलत पूर्ण जायला विसावं शतक बरंच उजाडावं लागलं. आज बँकॉकमधला फरांग इतरांसारखाच रांगेत उभा राहून नव्वद दिवसांचा कागद भरतो आणि वैतागतो. वैताग खराच असणार, मी नाकारत नाही. सरकारी रांग कुणालाच आवडत नाही. पण त्याच्या पणजोबाला हा कागद भरावा लागत नव्हता, त्याला कोर्टही आपलं आणि कॉन्सलही आपला होता. तक्रार करणारा आज रांगेत आहे, ही माझ्या मते प्रगती आहे.

ज्यांची तक्रार कुणी लिहिली नाही

महाबळेश्वरला परत जाऊ. तिथं एक तुरुंग होता आणि त्यात चिनी आणि मलाय कैदी होते. सिंगापूर, पिनांग या इंग्रजांच्या ठाण्यांवरून इकडं धाडलेले. म्हणजे थायलंडच्या शेजारून आलेली माणसं, सह्याद्रीच्या माथ्यावर, पाच-पाच हजार मिलिमीटर पावसात. त्यांनी तिथं बटाटे आणि विलायती भाज्या पिकवल्या, टोपल्या विणल्या. साहेबांच्या टेबलावरचं ताजं सॅलड त्यांच्या हातचं. भाषा येत नाही, हवा मानवत नाही, जेवण आपलं नाही, घरून पत्र नाही. परक्या मुलखातल्या सगळ्या अडचणी त्यांना होत्या. पण त्यांना ‘एक्सपॅट’ कुणी म्हणत नाही.

आणि आपलं सोलापूर? तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर नसते तर सोलापुरी चादर जगात गेली असती का? त्यांनाही इथली भाषा शिकावी लागली. आज पूर्व भागात एकाच दमात तेलुगू, मराठी आणि कानडी बोलणारी माणसं भेटतात. मी शाळेत असताना ते मला इतकं नेहमीचं वाटायचं, की पुण्यात नोकरीला आल्यावर कळलं, सगळीकडे असं नसतं. त्या विणकरांनाही एक्सपॅट कुणी म्हटलं नाही. शब्दांची गंमत आहे. श्रीमंत देशाचा माणूस गरीब देशात गेला की एक्सपॅट, उलट झालं की स्थलांतरित, आणि एका जिल्ह्यातून दुसऱ्यात गेला की ‘बाहेरचा’.

भाषेचं काय करायचं

परक्या माणसाची सगळ्यात मोठी अडचण भाषा. तिच्यावर दोन उत्तरं इथंच सापडतात. एक, शब्द मोडून आपल्या तोंडात बसवायचे. मोहरमच्या ‘या हसन, या हुसेन’चं गोऱ्या शिपायांनी ‘हॉब्सन-जॉब्सन’ केलं आणि १८८६ मध्ये त्याच नावाचा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश निघाला.

दोन, बसून शिकायचं. जेम्स मोल्सवर्थ या लष्करी अधिकाऱ्यानं कँडी बंधू आणि शास्त्रीमंडळींना सोबत घेऊन १८३१ मध्ये मराठी-इंग्रजी कोश काढला, १८५७ मध्ये सुधारलेली आवृत्ती आली. साठ हजारांच्या आसपास शब्द. आजही एखादा जुना शब्द अडला की मी तोच कोश ऑनलाईन उघडतो. अमेरिकन मिशननं १८४२ मध्ये अहमदनगरहून ‘ज्ञानोदय’ सुरू केलं, आणि १८६०च्या दशकात त्यांची माणसं सोलापुरातही आली. त्यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता, त्यावर मतं वेगळी असू शकतात. पण त्यांना मराठी आल्याशिवाय पर्याय नव्हता, कारण त्यांना ऐकून घेणारा माणूस हवा होता. साहेबाला हुकूम ऐकणारा पुरेसा होता. त्याला चार क्रियापदांत भागायचं.

आणि मग तिसरं उदाहरण, आपलं. डॉ. द्वारकानाथ कोटणीस. जन्म सोलापूर, १९१०. जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला १९३८ मध्ये भारतातून पाच डॉक्टर गेले, त्यातले एक. हाडं गोठवणारी थंडी, युद्ध, अनोळखी जेवण, अनोळखी लिपी. वडील गेल्याची बातमी तिकडेच कळली. बाकीचे सहकारी परतले, हे राहिले. चिनी भाषा बोलायला आणि लिहायला शिकले, ती शिकून शिकवायला लागले. तिथल्याच परिचारिका कुओ चिंगलान यांच्याशी लग्न झालं. मुलाचं नाव ठेवलं यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ ला, बत्तिसाव्या वर्षी, डॉक्टर गेले. भैय्या चौकात त्यांचं स्मारक आहे. आपण त्यावरून रोज स्कूटर नेतो.

कोटणीसांना चीनमध्ये काही खटकलं नसेल का? खटकलंच असणार, ते माणूस होते. सोलापूरच्या पोटाला तिखट नाही मिळालं तर काय होतं, ते तुम्हाला-मला माहीत आहे. फरक कशात आहे? तक्रार प्रत्येक परक्याला असते. ती तो कुणाकडे करतो, यात फरक आहे. ईएचएंनी आपल्यासारख्याच दुसऱ्या साहेबाला सांगितली. फुलरनं ती हातानं केली. कोटणीसांना ती ज्यांच्यात राहिले त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच शेजारी बसून करता आली असती. आणि शेजारी बसून केलेली तक्रार ही तक्रार राहत नाही, ती घरातली कुरकुर होते.

आता तुमच्यासाठी एक काम. लष्कर, सात रस्ता, डफरीन चौक, रेल्वे लाईन, या भागात साहेबांचे बंगले होते आणि त्या बंगल्यांत राबणारी माणसं आपल्याच गावातली होती. तुमच्या घरात कुणाची पणजी मेमसाहेबाकडे आया असेल, कुणाचे खापरपणजोबा कलेक्टरच्या बंगल्यावर शिपाई, माळी, घोडेवाला असतील. त्यांनी साहेबाबद्दल काय सांगून ठेवलंय? साहेब काय खायचा, कशावर चिडायचा, घरी येऊन त्याची नक्कल कशी करायचे? आजी-आजोबांना विचारा, मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि पाठवा. साहेबांची बाजू छापून दीडशे वर्षं झाली. दुसरी बाजू अजून माणसांच्या तोंडात आहे, आणि ती माणसं ऐंशी-नव्वदीची आहेत.

पुढच्या भागात भेटू. तोवर पाणी पीत राहा, दुपारी बाहेर पडू नका.